हरभऱ्याची जागल अन् बेचाळीस तासांची पोथी

संपला बाप्पा एकदाचा. 'द व्हील ऑफ टाइम' या इंग्रजी कादंबऱ्यांच्या मालिकेचा १४ वा आणि शेवटचा भाग, 'अ मेमरी ऑफ लाइट', ऑडिओबुक, जवळपास ४२ तास. मला एकोणीस रात्री लागल्या, त्यातल्या दोन रात्री मधेच डोळा लागला म्हणून सगळं परत ऐकावं लागलं, म्हणजे सतराच धरा. शेवट चालू होता तेव्हा पहाटेचे साडेपाच, लाईन जायला अर्धा तास उरलेला, स्प्रिंकलरचे पाईप पुढच्या पट्ट्यात टाकायचे होते आणि मी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, खांबासारखा उभा, एका कानात इअरफोन, दुसरा कान वावराकडं. पाईप राहिले तिथंच. एका पट्ट्याला दुप्पट पाणी झालं, पुढचा कोरडा राहिला, घरी शिव्या खाल्ल्या. तरी पण सांगतो, घ्या हे ऑडिओबुक. कुणी घ्यावं अन् कुणी घेऊ नये ते पुढं लिहितो.

आधी थोडं माझं, नाहीतर अर्धं समजणार नाही. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यात. मी सहा वर्षं पुण्यात कंपनीत होतो, तिथं जुन्या पुस्तकांच्या दुकानात या मालिकेचा पहिला भाग हाती लागला, कव्हर फाटलेलं, आणि कंपनीच्या बसमध्ये येता-जाता वाचून काढला. मग दुसरा, तिसरा, असं करत सातव्यापर्यंत आलो. २०२० ला बाबांना लकवा झाला, मी गावी आलो ते आलोच. पुस्तकं खोक्यात भरून आणली होती, ती कोठ्यात ठेवली, कोठ्यात उधई. चौथा आणि सहावा भाग उधईनं अशा खाल्ल्या की कव्हर शाबूत आणि आत माती. आता ही पुस्तकं म्हणजे एकेक वीट आहे, हजार हजार पानांची, दिवसभर वावरात राबून रात्री ती वीट छातीवर घेऊन कोण वाचणार, दुसऱ्या पानावर घोरायला लागतो माणूस. म्हणून आठव्यापासून ऑडिओवर आलो. आठ, नऊ, दहा हे तीन भाग जगभर बदनाम आहेत, गोष्ट पुढं सरकतच नाही, पण मी ते फवारणी करता करता ऐकले, पाठीवर पंप असताना गोष्ट सरकली काय अन् नाही सरकली काय, सारखंच.

शेवटचा भाग मात्र मी मुद्दाम राखून ठेवला होता जागलीसाठी.

जागल म्हणजे काय ते शहरातल्यांना सांगावं लागेल. आमच्याकडं डिसेंबरपासून हरभऱ्याला घाटे धरायला लागले की रात्री वावरात कुणीतरी लागतंच. रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगाई. रोह्यांचा कळप दहा-बाराचा असतो, एका रात्रीत अर्धा एकर साफ करतो, आणि डुक्कर खातो कमी, लोळतो अन् उकरतो जास्त. लोक काय काय करतात, धुऱ्यानं जुन्या साड्या बांधतात, डबे लटकवतात, झटका मशीन लावतात, फटाके फोडतात. पण सगळ्यात वर माणूस. त्यात आमच्या फीडरवर लाईन एक हप्ता दिवसा तर एक हप्ता रात्री, म्हणजे रात्रपाळीच्या हप्त्यात ओलित आणि जागल दोन्ही एकदमच. मचानावर बसायचं, टॉर्च मारायचा, तीन-चार तासांनी उतरून पाईप बदलायचे, परत चढायचं. थंडी अशी की दाढा वाजतात. मोबाईलवर व्हिडिओ बघितला तर उजेडानं डोळे दिपतात, मग अंधारात दहा फुटांवरचं डुक्कर दिसत नाही. म्हणून ऐकणं हेच बरं. आणि तेही एकाच कानानं, हे लक्षात ठेवा, दोन्ही कान बंद करून जागल करणारा माणूस सकाळी बिना हरभऱ्याचा उठतो.

आता मालिकेबद्दल, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. लेखक रॉबर्ट जॉर्डन, खरं नाव जेम्स ऑलिव्हर रिग्नी, अमेरिकेतल्या चार्ल्सटनचा माणूस, व्हिएतनामच्या लढाईत हेलिकॉप्टरवर गनर होता. पहिला भाग १९९० ला आला. लिहीत गेला, लिहीत गेला, अकरा भाग झाले आणि २००७ च्या सप्टेंबरात हृदयाच्या एका दुर्मिळ आजारानं गेला. गोष्ट अर्धवट. पण शेवट त्यानं आधीच लिहून ठेवला होता आणि बाकीच्या टिपा, मसुदे, काय काय सांगून ठेवलेलं. त्याची बायको हॅरिएट मॅकडूगल, तीच त्याची एडिटर सुद्धा, तिनं ब्रँडन सँडरसन नावाच्या तरुण लेखकाला शोधलं, तो स्वतः शाळकरी वयापासून या मालिकेचा वाचक. त्याला म्हणे एकच पुस्तक लिहायचं होतं, त्याचे तीन झाले, २००९, २०१० आणि हा शेवटचा जानेवारी २०१३ ला.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे आमच्या वावरातली विहीर. आजोबानं चाळीस फूट खोदून सोडली होती, पैसे संपले, पुढची पंधरा फूट बाबांनी मारली आणि मग पाणी लागलं. आत उतरून पाहिलं तर कुठं आजोबाचं काम संपलं अन् कुठं बाबांचं सुरू झालं ते दगडाच्या घावावरून ओळखू येते. तसं या शेवटच्या तीन भागांत ओळखू येतं. सँडरसनचं वाक्य सरळ, चटपटीत, जॉर्डनचं वाक्य म्हणजे कपड्याच्या काठावरचं भरतकाम सांगितल्याशिवाय पुढं जात नाही. मॅट नावाचा जो जुगारी पोरगा आहे त्याच्या तोंडचे जोक सँडरसनच्या हातात गेल्यावर जरा शाळेच्या गॅदरिंगसारखे झालेत, हे माझं मत. पण या चौदाव्या भागात तो बराच सुधारलाय. आणि पाणी लागलं ना शेवटी, मग घाव कुणाचा ते कशाला मोजायचं.

गोष्ट थोडक्यात अशी की काळ म्हणजे चाक आहे, सात आऱ्यांचं, युगं येतात, जातात, परत येतात. आपल्याला हे नवीन नाही, आपण चार युगं लहानपणापासून ऐकतो, म्हणून मला पहिल्याच पानावर घरच्यासारखं वाटलं होतं. हे चाक माणसांच्या आयुष्याचे धागे घेऊन कापड विणतं. कापूस पिकवणाऱ्याला ही कल्पना लगेच पटते, फक्त आमचा धागा गाठीत बांधून जिनिंगला जातो अन् पुढं काय विणलं जातं ते आम्हाला कधी दिसत नाही. तर रँड नावाचा मेंढ्या राखणारा, शेतकऱ्याचा पोरगा, त्याच्या डोक्यावर जगाचं ओझं पडतं, त्याला शेवटी सैतानाशी लढायचंय. शेवटचा भाग म्हणजे ती शेवटची लढाई. पुस्तक अख्खं लढाईच आहे म्हटलं तरी चालेल.

लढाईच्या आधी मात्र एक मोठी सभा आहे, मेरिलोर नावाच्या मैदानात, सगळे राजे-राण्या जमलेत, जग बुडायला आलंय आणि हे लोक कोण कुठं बसणार, कोण कुणाचं ऐकणार, करारात काय लिहिणार यावर भांडताहेत. मी मचानावर बसून हसत होतो. आमच्या ग्रामसभेत नाल्याच्या बंधाऱ्याचा विषय निघाला की असंच होतं, पाणी राहतं बाजूला, बोर्डावर कुणाचं नाव आधी यावरून दोन तास जातात. कागदावर हा भाग कदाचित मी भराभर उलटला असता, ऐकताना मजा आली कारण वाचणारा प्रत्येकाचा आवाज वेगळा काढतो, कोणता राजा आतून घाबरलाय ते आवाजावरून समजते.

आता मुद्द्याचं, वाचणारे. दोघं आहेत, मायकल क्रेमर आणि केट रीडिंग, नवरा-बायको. रीडिंग हे तिचं खरं आडनाव नाही म्हणे, धंद्यासाठी घेतलेलं नाव आहे, पण घेतलं ते नामी घेतलं. पद्धत अशी की प्रसंग पुरुषाच्या नजरेतून चाललेला असला की क्रेमर वाचतो, बाईच्या नजरेतून असला की ती वाचते. मालिकेतली आख्खी चौदा पुस्तकं या दोघांनी वाचलीत, साडेचारशे तासांच्या आसपास काम आहे ते. अलीकडं पहिले काही भाग रोझमंड पाइक या नटीनं नव्यानं वाचलेत, याच गोष्टीवरच्या टीव्ही सिरीजमध्ये होती ती, पण शेवटचा भाग ऐकायचा तर अजून याच दोघांचा. मला तर हेच पाहिजे होते. इतके महिने कानात राहिलेला आवाज म्हणजे घरचा माणूस होतो, कीर्तनकार बदलला की नाही का करमत.

बॅकग्राउंडला म्युझिक नाही, तलवारींचा खणखणाट नाही, काही नाही. निव्वळ वाचन. आमच्या गावात श्रावणात पोथी लागते, एक जण ओवी वाचतो, दुसरा अर्थ सांगतो, कंदिलाच्या जमान्यापासून तसंच चालू आहे आणि त्यात कुणी ढोल वाजवत नाही, तरी युद्धाचा अध्याय आला की बाया पदर सावरून बसतात. तसंच हे. क्रेमरचा आवाज खालच्या पट्टीतला, खर्जातला, घाई नाही. लॅन नावाचा एक योद्धा आहे, राज्य गेलेला राजा, तो एका खिंडीत तुटपुंजी फौज घेऊन उभा आहे, तिथं क्रेमर आवाज चढवत नाही, उलट उतरवतो. मी टॉर्च विझवून बसलो होतो तेव्हा. समोर काळोखात तुरीच्या ओळी, वारा आला की शेंगा वाजतात, खुळ्ळ खुळ्ळ, आणि कानात तो. अंगावर काटा म्हणजे थंडीचा कोणता अन् गोष्टीचा कोणता, सांगता येईना.

केट रीडिंगबद्दल मला सुरुवातीच्या भागांत इतकं प्रेम नव्हतं, खोटं कशाला बोलू. तिनं काढलेले पुरुषांचे आवाज मला जरा सर्दी झाल्यासारखे वाटायचे. पण या भागात एग्वेनचे सगळे प्रसंग तिच्याकडं आहेत, आणि एग्वेन म्हणजे खेड्यातली खानावळवाल्याची पोरगी, ती कुठून कुठं पोचते ते चौदा भागांत पाहिलंय आपण. पुढं काय होतं ते नाही सांगत. इतकंच सांगतो की एका रात्री मी तिचा एक प्रसंग ऐकून मचानावरून खाली उतरलो, काम काही नव्हतं, उगाच धुऱ्यानं एक चक्कर मारली.

आणि मग ३७ वं प्रकरण. ज्यानं ही मालिका ऐकली त्याला आकडा सांगितला तरी समजते. पुस्तकात एकूण ४९ प्रकरणं, त्यातलं हे एकच प्रकरण दोनशे पानांच्या जवळ जातं, ऐकायला नऊ तासांच्या आसपास. एक प्रकरण, नऊ तास! लोक म्हणतात थकवा येतो. येतोच. पण मला वाटतं तो थकवा आणायचाच होता. लढाईत उभ्या असलेल्या माणसाला कुठं माहीत असते की प्रकरण कधी संपेल. आणि प्रसंग इतक्या भराभर बदलतात, दोन मिनिटं याच्याकडं, पाच मिनिटं त्याच्याकडं, की क्रेमर आणि रीडिंग एकमेकांच्या हातून दोरी ओढून घेतल्यासारखे वाचतात, तो थांबला की ती, ती थांबली की तो. कागदावर हे मधल्या एका रिकाम्या ओळीनं समजते, इथं आवाज बदलतो म्हणजे पोटात खड्डा पडतो, की आता आधीच्याचं काय झालं. मला हे प्रकरण तीन रात्री अन् वर थोडं पुरलं. तीनही रात्री रात्रपाळीची लाईन. तिसऱ्या रात्री मोटर ट्रिप झाली, मी विहिरीवर जाऊन स्टार्टर दाबतोय अन् कानात तिकडं मोर्चा कोसळतोय, दोन्हीकडं एकाच वेळी 'आता काय करू'.

यातच एक गोष्ट आहे ती जागलवाल्याला जास्त समजेल. रँड डोंगराच्या आत ज्या जागी लढतोय तिथं वेळ वेगळा चालतो, आत थोडा वेळ जातो तेवढ्यात बाहेर दिवस उलटतात. रात्री अडीच ते चार हा वेळ मचानावर पण असाच वेगळा चालतो, फक्त उलटा. घड्याळ बघावं तर २:४०, खूप वेळानं बघावं तर २:४६. मधे सगळं आयुष्य डोक्यातून जाऊन येतं.

आता भोंग्याचा किस्सा, कारण तो ३७ व्या प्रकरणातच घडला. आम्ही वावराच्या दुसऱ्या टोकाला, नाल्याकडच्या धुऱ्यावर एक भोंगा बांधलाय, बॅटरीवाला, त्यात ब्लूटूथ पण आहे. रेकॉर्डिंग लावून ठेवायचं, कुत्रे भुंकल्याचं, माणूस 'हाऽऽ हुर्रर्र' करतोय असं. पहिले चार-आठ दिवस डुकरं घाबरतात, मग त्यांना समजते की हा माणूस रोज तेच म्हणतो. तर त्या रात्री माझ्या कानातल्या इअरफोनची बॅटरी संपली. वायरवाला घरी राहिलेला. इअरफोन बंद पडला आणि फोननं आपल्या मनानं भोंगा पकडला. मला आधी वाटलं आवाज गेला, म्हणून मी फोनचा आवाज वाढवला. फुल केला. आणि नाल्याकडून, रात्री दीड वाजता, मायकल क्रेमर!

शिवारात असा आवाज कधी घुमला नसेल. ट्रोलॉक चालून येत होते त्या वेळी. ट्रोलॉक म्हणजे या मालिकेतले राक्षस, अर्धे माणूस अर्धे जनावर, कुणाला बोकडाची शिंगं, कुणाला अस्वलाचं तोंड, आणि बरेचसे रानडुकरासारखे सुळेवाले. म्हणजे ज्यांच्यासाठी भोंगा लावला त्यांचंच वर्णन भोंग्यातून इंग्रजीत चालू. मी फोनवर बंद करायला बघतोय तर बोटं थंडीनं आखडलेली अन् ओली, स्क्रीन हात घेईना, तेवढ्यात प्रसंग बदलला आणि केट रीडिंग सुरू. नाल्याकडून बाई बोलायला लागली. शेजारच्या वावरातले काका, वय सत्तरच्या पुढं, तेही जागलीवर होते. त्यांचा टॉर्च इकडं तिकडं फिरायला लागला. मग विझला. घोंगडं पांघरून पडले असतील.

सकाळी चहाच्या वेळी आलेच.

"काऊन रे, रात्री कोनता इंग्रज आला होता वावरात? आंधी मानूस वरडत होता, मंग बाई बोलाले लागली. मले वाटलं आता तिकडं काई गेलो त घरी नाई येत."

मी सगळं सांगितलं. हसून हसून ठसका लागला त्यांना. मग नाल्याकडं जाऊन बघितलं तर डुकरांचे खुर नाल्याच्या पाळीपर्यंत आलेले आणि तिथूनच वळलेले, गेले ते तिसऱ्याच्या वावरात. आता यावरून काही सिद्ध होत नाही, एका रात्रीचं काय घेऊन बसलात. पण काका म्हणाले, "त्या इंग्रजाले रोज लावत जाय बापा, आपला भुंकनारा कुत्रा त आता त्याईच्या ओयखीचा झाला." दोन रात्री लावलं सुद्धा. मग तिसऱ्याच्या वावरवाल्यानं तक्रार केली.

वाईट काय आहे ते पण सांगतो, नाहीतर म्हणाल हा नुसता आरती ओवाळतोय. एक, नकाशा. लढाई चार-पाच ठिकाणी चालू आहे, कोणता डोंगर कुठं, कोणती नदी कुणीकडं, छापील पुस्तकात पान उलटून बघता येते, इथं काही नाही. मी शेवटी हरभऱ्याच्या पोत्याच्या पुठ्ठ्यावर कोळशानं काढला नकाशा, खरंच. दोन, नावं. शेकडो पात्रं आहेत, आणि दहा भागांपूर्वी एकदा येऊन गेलेला माणूस इथं अचानक मरतो तेव्हा आपण विचार करत राहतो की हा कोण बे. त्यात क्रेमर आणि रीडिंग काही नावं वेगवेगळी उच्चारतात, घरात नवरा-बायकोचं एका नावावर एकमत नाही म्हणजे कमाल आहे. तीन, काही गोष्टी घाईत उरकल्यात. पहिल्या भागापासून मागं लागलेला एक दुष्ट माणूस आहे, त्याचा शेवट इतक्या पटकन गुंडाळलाय की मी दहा मिनिटं मागं जाऊन परत ऐकलं, मला वाटलं झोप लागली होती. नव्हती लागली.

ॲपचं नाव घेत नाही, पण एक राग आहे तो ओकून टाकतो. पुस्तक पूर्ण डाउनलोड केलेलं, एक जीबीच्या वर आहे, गावात टॉवरखाली बसून केलं होतं. आमच्या वावरात नेटवर्क म्हणजे आंब्याच्या झाडाखाली एक काडी, तीही पूर्वेकडं तोंड केलं तर. एका रात्री ॲपनं आपोआप लॉगआउट केलं आणि परत लॉगिन करा म्हणे. ओटीपी येईना. फोनमध्ये पुस्तक आहे पण मला ऐकता येत नाही, म्हणजे कोठ्यात ज्वारी अन् कुलपाची चावी मामाच्या गावी. ती रात्र मी स्वतःच स्वतःशी बोलत काढली. त्यानंतर रोज घरून निघायच्या आधी ॲप उघडून, एक मिनिट चालवून, मगच पाय बाहेर टाकतो. तुम्ही पण तसंच करा.

पैशाचं म्हणाल तर महिन्याची मेंबरशिप असते, एका क्रेडिटमध्ये एक पुस्तक, मग ते चार तासांचं असो की बेचाळीस. माझ्या हिशोबानं दोन-तीन किलो तुरीचे पैसे, तासाला पाच रुपये सुद्धा पडत नाही. आमच्याकडं पाच रुपयांत आता धड कट चहा येत नाही. सगळे १४ भाग घ्यायचे तर अर्थात हिशोब वाढतो, पण सगळे एकदम कोण ऐकतंय, मला आठव्यापासून चौदाव्यापर्यंत यायला दोन हंगाम लागले.

इंग्रजीचं टेन्शन घेऊ नका. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतला, इंग्रजी पाचवीपासून सुरू झालं होतं. क्रेमर सावकाश वाचतो. मी १ च्या स्पीडवरच ऐकलं, लोक दीड-दोनच्या स्पीडवर ऐकतात म्हणे, त्यांची लाईन लवकर जात असेल. एक शब्द नाही समजला तर सोडून द्यायचा, पुढच्या वाक्यात समजते. फोनच्या सेटिंगमध्ये मोनो ऑडिओ म्हणून असतं ते चालू करा, एकाच कानात पूर्ण आवाज येतो. आणि ब्लूटूथमधून भोंगा काढून टाका.

थेट चौदावा भाग मात्र घेऊ नका, कुणी कितीही सांगितलं तरी. ते म्हणजे लग्नाला न जाता पंगतीच्या उठवणीला जाण्यासारखं आहे. पहिल्यापासून लावा, आणि पहिला कसा सुरू होतो माहीत आहे का, बाप आणि पोरगा वावरातून गावाकडं निघालेत, थंडीचे दिवस, वारा सुटलाय, सोबत माल लादलेली गाडी आणि गाडीला जुंपलेली एक झिपरी घोडी, बेला तिचं नाव. एवढं मोठं कापड, राजे, जादू, सैतान, पण सुरुवात गाडीनं.

हे मी काकांना सांगितलं आणि तिथून फसलो. भोंग्याच्या किश्श्यानंतर काका रोज रात्री नऊला शेकोटीजवळ येऊन बसतात, बिडी काढतात, "हं, लाव पोथी." म्हणजे मी आदल्या रात्री ऐकलेलं वऱ्हाडीत सांगायचं. पोथीत अर्थ सांगणारा असतो ना, तो मी. रँड त्यांना फारसा भावला नाही, "लय इचार करते तो पोट्टा" म्हणाले. मॅट आवडला, कारण पत्ते खेळणारा माणूस. नाईनीव्ह नावाची वैदूबाई आहे, सतत चिडलेली, वेणी ओढणारी, तिच्यावर म्हणाले, "हे आपल्या आशाताईवानी हाय." चूक नाही त्यांचं. सैतानाच्या श्वासानं धान्य कुजतं, कोठारात किडे पडतात, पेरलेलं उगवत नाही हे मागच्या भागांत होतं, ते सांगितलं तेव्हा काका बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले त्याच्याकडं पंचनामा करायला कोण येते का विचार.

पण त्यांचा जीव अडकला बेलात. पहिल्या भागातली ती घोडी, राजाची नाही, योद्ध्याची नाही, गाडी ओढणारी, ती सगळ्या मालिकेत कुठं ना कुठं येतच राहते आणि शेवटच्या भागातही आहे, ऐन लढाईत. काकांनी त्यांचा बैल मागच्या वर्षी विकला, गुडघा गेला होता, त्याचं नाव ते आता घेत नाहीत. लढाईत कोण राजा पडला, कोण उरला, त्यांनी एकदाही विचारलं नाही. रोज बिडी विझवता विझवता एकच.

"घोडी हाय नं अजून?"

परवा पहाटे सगळं संपल्यावर मी पाईप न उचलता आधी त्यांच्या मचानाकडं गेलो आणि घोडीचं काय झालं ते सांगितलं. इथं नाही सांगत.